प्रारणमात्रेचे जनुकीय जैवदर्शक

प्रारणमात्रेचे जनुकीय जैवदर्शक म्हणजे आयनीकारक प्रारणामुळे मानवी पेशींतील डीएनए व गुणसूत्रे यांत होणारे, मोजता येण्याजोगे बदल होत. हे बदल किती पेशींत आढळतात यावरून शरीराने शोषलेल्या प्रारणाचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीस जैविक मात्रामापन म्हणतात. महाराष्ट्रात मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात या विषयावर दीर्घकाळ काम झाले आहे.

पार्श्वभूमी

क्ष-किरणांमुळे फळमाशीतील उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढते, हे हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये दाखवून दिले. या शोधासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रक्तातील लसीकापेशींच्या गुणसूत्रांवरून मात्रा ठरवण्याची पद्धत १९६० च्या दशकात पुढे आली.

चाचणीच्या पद्धती

प्रारणामुळे तुटलेल्या दोन गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या रीतीने जोडले गेल्यास दोन गुणसूत्रबिंदू असलेले गुणसूत्र तयार होते. त्याला ‘डायसेंट्रिक’ म्हणतात. चाचणीसाठी रक्तातील लसीकापेशी सुमारे ४८ तास वाढवून त्यांचे विभाजन मध्यावस्थेत थांबवतात आणि अशी गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. प्रारण न लागलेल्या व्यक्तीत ती हजार पेशींमागे साधारण एक-दोन आढळतात. मिळालेली संख्या ज्ञात मात्रा दिलेल्या रक्ताच्या आलेखाशी ताडून पाहतात. गॅमा किरणांची सुमारे ०.१ ग्रे मात्रा या चाचणीने ओळखता येते.

डायसेंट्रिक असलेल्या पेशी विभाजनाच्या वेळी नष्ट होऊ लागतात, म्हणून त्यांची संख्या काळानुसार घटते. जुन्या संपर्कासाठी गुणसूत्रखंडांची स्थानांतरणे अधिक उपयुक्त ठरतात. ती गुणसूत्रांना प्रकाशमान रंग देणाऱ्या ‘फिश’ तंत्राने ओळखतात. ग्लायकोफोरिन-ए या जनुकातील उत्परिवर्तने हिरोशिमातील बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्यांमध्ये कित्येक दशकांनंतरही आढळली. मात्र ही चाचणी एम व एन हे दोन्ही रक्तगट घटक असलेल्या व्यक्तींपुरतीच मर्यादित आहे.

उपयोग

किरणोत्साराशी संबंधित कर्मचारी मात्रामापक बिल्ला वापरतात. बिल्ल्यावर अनपेक्षित मोठी मात्रा नोंदली गेल्यास ती कर्मचाऱ्याला लागली की केवळ बिल्ल्याला, हे रक्ताच्या चाचणीतून तपासता येते. अपघातग्रस्तांजवळ अनेकदा बिल्ला नसतोच. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे सीझियम-१३७ चा स्रोत फुटला, तेव्हा शंभराहून अधिक व्यक्तींच्या गुणसूत्रांची तपासणी झाली. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी उपचारांची दिशा ठरवण्यास मात्रेचा अंदाज मदत करतो.

केरळच्या किनारपट्टीवर मोनाझाइट वाळूमुळे नैसर्गिक प्रारण अधिक आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथील नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताचा अभ्यास केला. त्यात गुणसूत्रविकृतींमध्ये लक्षणीय वाढ आढळली नाही.

मर्यादा

वाढते वय, धूम्रपान आणि काही रसायने यांमुळेही स्थानांतरणे व उत्परिवर्तने वाढतात. बदलावर त्याच्या कारणाची खूण नसते. त्यामुळे एखाद्या रुग्णाचा कर्करोग प्रारणामुळेच झाला, हे केवळ या चाचणीने सिद्ध होत नाही. तसेच मात्रा ओळखमर्यादेपेक्षा कमी असल्यास किंवा बराच काळ लोटला असल्यास निष्कर्ष सामान्य येऊ शकतो. तो संपर्क झालाच नसल्याचा पुरावा ठरत नाही. लसीकापेशींतील हे बदल संततीत जात नाहीत.