मुरबाड : सह्याद्रीच्या पायथ्याचा तालुका

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागात मुरबाड तालुका वसला आहे. त्याच्या पूर्वेस सह्याद्रीची रांग, उत्तरेस शहापूर, तर दक्षिणेस रायगडमधील कर्जत तालुका आहे. काळू ही येथील प्रमुख नदी. घाटपायथ्याच्या वैशाखरे गावाजवळून सातवाहनकालीन नाणेघाटाची वाट जुन्नरकडे चढते. आजची वाहतूक मात्र माळशेज घाटातून होते.

२०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ९० हजार आहे. ठाकूर व कातकरी या आदिवासी जमातींची येथे मोठी वस्ती आहे. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येत मुरबाडचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी आहे.

येथे पाऊस मुसळधार पडतो; परंतु कातळी उतारांवरून पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात डोंगराळ पाड्यांना टंचाई सोसावी लागते.