महाडचा तहकूब सत्याग्रह

आपल्या तरुण मंडळींना आज काम केलं की उद्या फळ हवं असतं. त्यांनी महाडचा इतिहास नीट वाचावा असं आम्हाला वाटतं. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मंडपात परतले आणि त्यांच्यावर हल्ला झाला. आमच्या रत्नागिरीकडचीही माणसं त्यात होती. पलटणीत नोकरी केलेले गडी होते. हात उचलला असता तर गाव पेटलं असतं. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे खटला होऊन शिक्षा झाली ती हल्लेखोरांना.

डिसेंबरात परीक्षा याहून अवघड. हजारो लोक तळ्यावर जायला तयार, आणि समोर कोर्टाचा मनाई हुकूम! घरून भाकरी बांधून आलेल्या माणसाला 'थांब' म्हणणं सोपं नव्हे. पण एकाच वेळी स्पृश्यांशी आणि सरकारशी लढाई नको, हे बाबासाहेबांनी पटवलं. सत्याग्रह तहकूब झाला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली, पाण्याला हात लावला नाही. (गिरणीत धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारतात, रागाने तसाच हाणला तर कापड वाया जातं.)

मग कोर्टाचं काम. महाड, ठाणे, मुंबई हायकोर्ट, अशी दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला निकाल लागला: जुन्या वहिवाटीचा स्पृश्यांचा दावा सिद्ध झाला नाही.