जुन्या टार्गेट पिस्तुलाची रास्त किंमत

नोव्हेंबर २०१०. लंडनच्या क्रिस्टीजमध्ये एका पिस्तुलाचा लिलाव झाला. पिस्तूल कसलं, एअर पिस्तूल. वाल्थर कंपनीचं एलपी-५३ हे मॉडेल. आत स्प्रिंग, नळीत ४.५ मिलिमीटरचा छर्रा. सुट्टीच्या दुपारी कागदावर नेम धरायला घ्यावं असं साधं यंत्र. ते विकलं गेलं २,७७,२५० पौंडांना! तेव्हाच्या भावानं दोन कोटी रुपयांच्या आसपास.

कारण? ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या १९६३च्या सिनेमाच्या जाहिरातींसाठी शॉन कॉनरीचे फोटो काढायचे होते. डेव्हिड हर्न फोटोग्राफर. ऐन वेळी लक्षात आलं की बाँडचं खरं पिस्तूल, ते वाल्थर पीपीके, आणायचंच राहिलंय. हर्नला नेमबाजीचा नाद. त्यानं आपलं स्वतःचं टार्गेट पिस्तूल कॉनरीच्या हातात दिलं. तो फोटो जगभर गेला. म्हणजे बाँडच्या हातातलं ते जगप्रसिद्ध लांब नळीचं हत्यार चालवायला भारतात लायसन्ससुद्धा लागलं नसतं :)

हे आधी सांगून टाकलं, कारण जुन्या पिस्तुलाची किंमत म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर असंच काहीतरी येतं. आपल्याकडचं ताजं उदाहरण म्हणजे नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार. २०२५ साली महाराष्ट्र शासनानं ती लंडनच्या सोदबीजच्या लिलावातून परत आणली, साधारण ४७ लाख १५ हजारांना. पातं युरोपीय घडणीचं. तसली फिरंगी पाती त्या काळात हिंदुस्थानात पुष्कळ आली. पण या पात्यावर देवनागरीत सोन्यानं रघुजींचं नाव कोरलंय. एवढे पैसे मोजले गेले ते त्या नावाचे, पोलादाचे नव्हेत.

आता मूळ विषयाकडे येतो. गेल्या वर्षी माझ्या सोलापूरच्या आत्याचे यजमान गेले. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात, तर मामा. एका कापड गिरणीत आयुष्य गेलं, आणि एकच शौक, नेमबाजी. मागे दोन पिस्तुलं राहिली. एक फाइनवेर्कबाऊचं मॉडेल ६५ एअर पिस्तूल, दुसरं वाल्थर जीएसपी, .२२ बोअरचं. आत्या मला म्हणाली, “तू कंप्युटरवाला हाईस, बघ की जरा काय भाव चालू हाय ते. मला लई नको, पण कुणी टोपी बी नको घालायला.”

‘लई नको, पण टोपी नको.’ रास्त किमतीची याहून चांगली व्याख्या मला तरी कुठे सापडलेली नाही. पुढचे चार-पाच वीकांत याच कामात गेले.

आधी यंत्रं बघू. फाइनवेर्कबाऊ ही कंपनी जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावची, माउझरच्याच गावची. युद्धानंतर माउझर बंद पडलं आणि तिथल्या दोन इंजिनिअरांनी, वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गरनी, ही नवी कंपनी काढली. स्प्रिंगच्या पिस्तुलाचं दुखणं असं की छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला जड पिस्टन पुढे धावतो आणि सगळं हत्यार हलवतो. मॉडेल ६५मध्ये यांनी नळी आणि सिलिंडरचा अख्खा भाग रुळांवर बसवला. चाप ओढला की तो भाग मागे सरकतो, हाताला धक्का जवळपास लागतच नाही. १९६५ साली बाजारात आलेलं हे डिझाइन पुढे तीसेक वर्षं बनत राहिलं. आमच्या धंद्यात तीस महिने टिकलं तरी आम्ही पेढे वाटतो.

मामांचं ६५ कधीचं? कागद काही नाही. पण जर्मनीत १९७० पासून कमी ताकदीच्या एअरगनवर पंचकोनात ‘एफ’ अक्षर ठोकायचा नियम आला. यावर तो शिक्का नाही, म्हणजे बहुधा त्याआधीचं. जीएसपीचं सोपं होतं. हे मॉडेलच १९६८चं, आणि उल्मच्या चाचणी केंद्राचा हरणाच्या शिंगाचा शिक्का त्यावर आहे. शेजारी दोन अक्षरं, एच आणि के. जर्मनांचा हिशोब असा की ए म्हणजे शून्य, बी म्हणजे एक, असं करत एच म्हणजे सात. जे वगळायचं, म्हणून के म्हणजे नऊ. झालं, १९७९. (हे उलगडलं तेव्हा मला बग सापडल्यासारखा आनंद झाला होता. आत्यानं फक्त “बरं” म्हटलं.)

मग हालत. नळीचं तोंड, आतले आटे, सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का, मूळ पेटी, आणि कारखान्यात झाडून पाहिलेलं टार्गेटचं कार्ड. सोलापूरच्या कोरड्या हवेत मुंबई-कोकणाइतका गंज धरत नाही, ही जमेची बाजू. पण तेच ऊन लाकडाची मूठ तडकवतं आणि जुनं तेल चिकट करून ठेवतं. मामांनी मूठ आपल्या पंजाच्या मापानं कानशीनं घासून, लांबी भरून घेतलेली. नेमबाजाला ही रोजची गोष्ट. संग्रहकाच्या दृष्टीनं मात्र तिथंच किंमत उतरली. आणि एक विनंती. असलं काही घरात सापडलं तर कृपा करून बफिंगवाल्याकडे नेऊन चकाचक करून आणू नका. मूळचा निळसर काळा रंग एकदा गेला की गेला.

इथपर्यंत सगळं जगभर सारखंच. जर्मनीत ही दोन्ही पिस्तुलं चांगल्या हालतीत काही शे युरोंना मिळतात, कारण क्लबाक्लबांत ती पडून आहेत. टार्गेट पिस्तूल हे मुळात खेळाचं साहित्य. खेळाचा नियम बदलला की भाव बदलतो. २००५पासून रॅपिड फायर प्रकारात .२२ शॉर्ट काडतुसावर बंदी आली, .२२ लाँग रायफल आणि किमान १००० ग्रॅमचा चाप सक्तीचा झाला. त्या छोट्या काडतुसासाठी बनवलेली वाल्थर ओएसपीसारखी देखणी पिस्तुलं त्या प्रकारातून एका रात्रीत बाद झाली. बिघडलं काहीच नव्हतं, फक्त सपोर्ट संपला! हवेच्या नळकांड्यांचंही तसंच. नव्या प्रकारच्या एअर पिस्तुलांत दाबाखालची हवा भरलेलं सिलिंडर असतं, आणि स्पर्धेच्या नियमानं त्याची मुदत जास्तीत जास्त दहा वर्षं. म्हणून १९९५चं महागडं पिस्तूल घेतलं तर आधी सिलिंडर शोधत फिरावं लागतं, आणि १९६५चं डिझाइन मात्र स्प्रिंग आणि सील बदललं की चालू.

भारतात शिरलं की हा सगळा हिशोब बाजूला राहतो. १९८०च्या दशकाच्या मध्यात सरकारनं खासगी लोकांसाठी बंदुका-पिस्तुलांची आयात बंद केली. नावाजलेल्या नेमबाजांना सवलत राहिली, बाकीच्यांना दार बंद. म्हणजे त्याआधी देशात आलेल्या परदेशी पिस्तुलांचा साठा गोठला. तो वाढत नाही, झिजतो मात्र. मामांनी जीएसपी घेतलं ते ऐंशीच्या सुरुवातीला, मुंबईत, जर्मनीहून परतलेल्या एका गृहस्थाकडून. काही शे युरोंची वस्तू आपल्याकडे लाखांत बोलली जाते ती यामुळे. वरचे सगळे पैसे त्या बंद दाराचे.

दुसरी बाजू अशी की गिऱ्हाईकही कायद्यानंच मोजून दिलंय. १९५९चा शस्त्र कायदा सांगतो की परवानाधारक गेला की वारसानं हत्यार घरात ठेवायचं नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ठरलेल्या मुदतीत पात्र माणसाला विकता येतं. नाही विकलं तर सरकारजमा. वारसाला स्वतः परवाना मागता येतो, २०१६च्या नियमांत तशी तरतूद आहे, पण आतेभाऊ कॅनडात आणि आत्याला ती ब्याद घरात नको. एका माणसाकडच्या हत्यारांची मर्यादा २०१९च्या दुरुस्तीनं तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे तिसरं होतं ते विकायला निघाले आणि ज्यांच्याकडे दोन आहेत ते घेऊ शकत नाहीत. आत्याच्या बाजूनं बघा: वस्तू दुर्मीळ, पण घड्याळ टिकटिकतंय आणि गिऱ्हाइकं हाताच्या बोटांवर.

हे घड्याळ विक्रेत्यांना बरोबर ऐकू येतं. जिथं पिस्तूल जमा केलं होतं तिथून आकडा आला नव्वद हजार. “म्हातारं हत्यार आहे, वहिनी, पार्ट मिळत नाहीत.” दुसऱ्या एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं, साडेतीन लाखांच्या खाली देऊ नका, ‘व्हिंटेज’ आहे. गंमत म्हणजे दोघंही एकाच पिस्तुलाबद्दल बोलत होते, आणि दोघांनीही नळीत डोकावून पाहिलं नव्हतं.

मग खरं गिऱ्हाईक कोण? नवं .२२ टार्गेट पिस्तूल युरोपात दोन हजार युरोंच्या मागंपुढं, म्हणजे आपले दोन लाख धरा. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण मिळवून जो नेमबाज ‘नावाजलेला’ ठरतो, त्याला नवं आयात करता येतं. तो १९७९च्या पिस्तुलाला तीन लाख कशाला देईल? देईल तो ज्याला अजून ते गुण मिळालेले नाहीत. क्लबचं पिस्तूल पाळीपाळीनं वापरणारी, परवाना कसाबसा मिळवलेली एखादी मुलगी. बंद दाराचे पैसे शेवटी तिच्या खिशातून जातात. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ साली चांगवॉनला २५ मीटर पिस्तूलमध्ये विश्वचषकाचं सुवर्ण घेतलं आणि २०१८ला आशियाई सुवर्ण. त्यानंतर आपल्याकडे किती पोरींनी .२२ हातात धरायची स्वप्नं पाहिली असतील! साडेतीन लाखांचा आकडा ‘बाजारभाव’ असेलही. मला तो रास्त वाटला नाही.

आत्याला मी हिशोब असा मांडून दाखवला. वरची मर्यादा नव्याची किंमत, कारण त्यापलीकडे घेणारा मूर्ख किंवा नाइलाजानं घेणारा. त्यातून चाळीस-पंचेचाळीस वर्षांची झीज, स्प्रिंगा-बफर बदलायचा खर्च, घासलेली मूठ वजा. नळी उत्तम आहे आणि नंबर परवान्याशी अक्षर न अक्षर जुळतो, ही मोठी जमा. (नंबरातला एक आकडा जरी परवान्यावर चुकलेला असेल तर वस्तू कितीही सुंदर असो, किंमत शून्य धरा आणि वकील गाठा.) मामांच्या चाळीस वर्षांच्या रविवारांचे पैसे बाजारात मिळत नाहीत, मामा काही शॉन कॉनरी नव्हते. बेरीज एक लाख तीस ते एक लाख साठ.

आत्यानं विचारलं, “आन् ती पोरगी घेनारी असली तर?”

“तर एक तीस.”

शेवटी पुण्यात बालेवाडीला सराव करणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी घेतलं, एक लाख पस्तीस हजारांना. परवाना मुलीच्याच नावावर. विक्रेत्याकडे नळीत दिवा टाकून पाहिलं, नंबर दोनदा वाचले, पोलिसांकडे लेखी कळवलं, कागद पुरे झाल्यावरच पैसे, तेही बँकेतून. नव्वद हजारवाल्यांनी ठेवणावळ म्हणून काही हजार कापले. ते देऊन टाकले.

राहिलं मॉडेल ६५. ०.१७७ बोअर, ताकद वीस ज्यूलच्या बरीच खाली, म्हणून लायसन्सची भानगड नाही, कुणीही घेऊ शकतं. आणि नेमकं म्हणूनच त्याला ‘दुर्मीळ’चे पैसे मिळत नाहीत. दोघांनी पंधरा-वीस हजार सांगितले. माझ्या मते दोन्हींत कारागिरी या म्हाताऱ्याचीच जास्त. सीलचा सेट मागवलाय, यायला महिना लागेल म्हणतात.