नमाजच्या वेळेला शहराचं नाव पुरतं: फोन, अ‍ॅप आणि आपली खासगी माहिती

रमजान जवळ आला की घरातल्या जवळपास प्रत्येक फोनवर नमाजच्या वेळांचं एखादं अ‍ॅप येतं. अब्बांच्या फोनवर मुलगा टाकून देतो, खालाजान व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक दाबून स्वतःच घेतात. अ‍ॅप उघडलं की पहिल्याच पडद्यावर ते लोकेशन मागतं. आपण "हो" दाबून मोकळे होतो. सहरीची वेळ बघायची असते, खालचा मजकूर वाचत कोण बसतं?

या एका "हो"मधून काय बाहेर जाऊ शकतं, हे गेल्या काही वर्षांत पुराव्यानिशी समोर आलं आहे. तंत्रज्ञानाची आवड असलेली मंडळी यावर भरपूर वाद घालतात, पण तो वाद आपल्या घरांपर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हणून हॅकिंग, सॉफ्टवेअर आणि फोनमधली खासगी माहिती यांबद्दल जे ठाऊक असायला हवं, ते आम्ही इथे एका जागी मांडत आहोत.

माहिती बाहेर जाण्याच्या तीन वाटा

"फोन हॅक झाला" असं आपण सरसकट म्हणतो. पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात, आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिली वाट घुसखोरीची. फोनच्या किंवा अ‍ॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये राहिलेली चूक शोधून त्यातून आत शिरायचं. इस्रायलच्या एनएसओ या कंपनीचं पेगासस हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं जाहीर केलं की कॉलिंगमधल्या एका त्रुटीचा वापर करून सुमारे १,४०० जणांना लक्ष्य करण्यात आलं. समोरच्यानं कॉल उचलण्याचीही गरज नव्हती. त्या यादीत भारतातले पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्तेही होते. हे हत्यार फार महागडं असतं आणि निवडक माणसांवरच चालवलं जातं.

दुसरी वाट फसवणुकीची. "लग्नाची पत्रिका आहे", "बँकेचं केवायसी राहिलंय", "ट्रॅफिकचं चलन भरा" असं सांगून एपीके फाइल पाठवली जाते. ती उघडून इन्स्टॉल केली की ते अ‍ॅप आपले एसएमएस वाचू लागतं, आणि त्यातल्या ओटीपीवर खातं रिकामं होतं. इथे कुणी कुलूप फोडलेलं नसतं. आपल्याकडूनच दार उघडून घेतलेलं असतं.

तिसरी वाट विक्रीची. ही सर्वांत शांत. अ‍ॅप खरं असतं, गुगलच्या किंवा अ‍ॅपलच्या दुकानातूनच घेतलेलं असतं, काम चोख करतं. फक्त आपण दिलेली माहिती ते पुढे तिसऱ्याला देतं. कायद्याच्या भाषेत ही चोरी ठरेलच असं नाही, कारण आपण "हो" म्हटलेलं असतं. नमाजच्या अ‍ॅप्सची गोष्ट या तिसऱ्या वाटेवरची आहे.

२०२० ते २०२२: काय उघडकीला आलं

नोव्हेंबर २०२० मध्ये मदरबोर्ड या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळानं एक शोधबातमी दिली. मुस्लिम प्रो हे नमाजच्या वेळा, किबला आणि कुरआन यांसाठी जगभर वापरलं जाणारं अ‍ॅप. त्या वेळी ते ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेलं होतं. हे अ‍ॅप वापरणाऱ्यांचं लोकेशन एक्स-मोड नावाच्या अमेरिकी कंपनीकडे जात होतं, आणि एक्स-मोडच्या ग्राहकांमध्ये अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. सिनेटर रॉन वायडन यांच्या कार्यालयाला एक्स-मोडनंच तशी माहिती दिली होती. आपण लष्कराला माहिती विकली हे मुस्लिम प्रोनं नाकारलं, मात्र एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात अ‍ॅपल आणि गुगल या दोघांनी एक्स-मोडचा कोड अ‍ॅपमधून काढून टाकायला डेव्हलपरांना सांगितलं.

जानेवारी २०२१ मध्ये सलात फर्स्ट या दुसऱ्या अ‍ॅपबद्दल तशीच बातमी आली. त्याची माहिती प्रेडिसिओ या फ्रेंच कंपनीकडे जात होती.

एप्रिल २०२२ मध्ये तिसरं प्रकरण पुढे आलं. सर्ज एगेलमन आणि जोएल रिअर्डन हे दोन संशोधक अ‍ॅप्स फोनवर चालवून त्यातून नेमकं काय बाहेर जातं हे तपासतात. पनामात नोंदलेल्या मेजरमेंट सिस्टिम्स या कंपनीचा कोड त्यांना अनेक अ‍ॅप्समध्ये सापडला. अल-मोअज्जिन हे नमाजचं अ‍ॅप त्यांपैकी एक. त्यांच्या तपासानंतर गुगलनं ती अ‍ॅप्स दुकानातून हटवली. कोड काढून टाकल्यास परत येण्याची मुभा ठेवली.

हे घडतं कसं? अ‍ॅप बनवणारा सगळा कोड स्वतः लिहीत नाही. नकाशा, जाहिरात, नोटिफिकेशन अशा कामांसाठी तो इतरांनी लिहिलेले तयार तुकडे जोडतो. त्यांना एसडीके म्हणतात. काही कंपन्या आपला तुकडा जोडण्याचे डेव्हलपरला पैसे देतात. आपण परवानगी देतो अ‍ॅपला, पण त्याच परवानगीवर आतला पाहुणाही लोकेशन वाचतो.

यात आपलं नाव जात नाही, असं या कंपन्या सांगतात. पण फोन रोज रात्री कुठे असतो ते घर, दिवसा कुठे असतो ती नोकरीची जागा, जुम्याला दुपारी कुठे असतो ती मस्जिद. एवढं कळल्यावर नाव शोधायला किती वेळ लागणार? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं जानेवारी २०२४ मध्ये एक्स-मोड आणि तिची उत्तराधिकारी कंपनी आउटलॉजिक यांच्यावर कारवाई करताना हाच धोका धरला. दवाखाने, प्रार्थनास्थळं अशा संवेदनशील जागांची लोकेशन माहिती विकायला त्यांना मनाई झाली.

अ‍ॅपला खरंच किती माहिती लागते?

इथे थोडं गणित करून पाहू.

नमाजच्या वेळा सूर्यावर ठरतात. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशात सुमारे ६.२ अंशांचा फरक आहे, म्हणून जोहरची वेळ नागपुरात साधारण २५ मिनिटं आधी होते. म्हणजे शहर कळणं गरजेचं आहे. पण शहराच्या आत? मुंबईच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम १५ किलोमीटर सरकलं तर फरक पडतो जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. बऱ्याच वेळापत्रकांत एक-दोन मिनिटांची एहतियात तशीही धरलेली असते.

किबल्याचंही तेच. मुंबईहून किबला पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १० अंश झुकलेला, नागपूरहून सुमारे ८ अंश. राज्याच्या एका टोकापासून जवळपास दुसऱ्या टोकापर्यंत गेलो तरी फरक दोनच अंशांचा.

थोडक्यात, वेळ आणि किबला दोन्हींना शहराचं नाव पुरतं. आपण कोणत्या गल्लीत, कोणत्या इमारतीत आहोत, हे त्या हिशेबाला लागतच नाही. मग अ‍ॅप मीटरपर्यंतचं लोकेशन, तेही चोवीस तास मागत असेल, तर ते नमाजसाठी नाही हे उघड आहे. हीच कसोटी इतर अ‍ॅप्सनाही लावता येते. टॉर्चला संपर्कयादी कशाला? कॅल्क्युलेटरला मायक्रोफोन कशाला?

जाणकार मंडळी काय म्हणतात

यावर तंत्रज्ञानप्रेमींचं एकमत नाही. ढोबळमानानं तीन मतं दिसतात.

पहिलं मत: "आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग भीती कसली?" हे मत आपल्या घरांतही ऐकू येतं. त्यावर दुसरी बाजू म्हणते, दाराला पडदा आपण गुन्हा लपवायला लावत नाही. कुणाच्या घरात इजाजतीशिवाय शिरू नये, कुणाच्या खासगी गोष्टीत डोकावू नये, हा अदब आपल्याकडे मुलांना लहानपणीच शिकवतात. शिवाय आपल्या फोनमध्ये एकट्याची माहिती नसते. बहिणीचा नंबर, मुलांचे फोटो, शेजाऱ्यांचे मेसेज सगळं त्यातच असतं. त्यांच्या वतीनं "लपवण्यासारखं काही नाही" म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

दुसरं मत मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून ही मंडळी सांगतात की ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो तेच सॉफ्टवेअर विश्वासाचं. लपवलेला पाहुणा तिथे चटकन सापडतो. यावरचा आक्षेपही खरा आहे. कोड उघडा असला म्हणजे कुणी वाचलाच असं होत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम घातलेलं चोरदार सापडलं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि त्या धाग्यावरून त्यांनी ते शोधलं. कोड उघडा नसता तर त्यांना मुळापर्यंत जाणं फार अवघड गेलं असतं, असं समर्थक म्हणतात. इतक्या दिवसांत कुणाच्या लक्षात का आलं नाही, असं विरोधक विचारतात.

तिसरं मत व्यवहारी माणसांचं. काही हौशी लोक फोनची मूळ प्रणालीच बदलून ग्राफीनओएससारखी प्रणाली टाकतात. पण ती ठरावीक फोनवरच चालते, आणि दादीजानला ते सगळं जमणार नाही. त्यापेक्षा घरातल्या प्रत्येक फोनच्या चार सेटिंग नीट केल्या तर त्याचा फायदा जास्त लोकांना होतो.

आम्हाला हे तिसरं मत सर्वांत उपयोगी वाटतं. पेगाससच्या भीतीनं झोप उडवून घेण्याची बहुतेक घरांना गरज नाही. पण विक्री आणि फसवणूक या दोन वाटा प्रत्येक घरातून जातात, आणि त्या बऱ्याच अंशी आपल्या हातानं बंद करता येतात.

कायदा काय सांगतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगून संमती घ्यावी, त्या कामाला लागते तेवढीच घ्यावी, आणि दिलेली संमती परत घेता यावी, असं हा कायदा म्हणतो. उल्लंघनाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र सरकारी यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवल्यामुळे या कायद्यावर टीकाही झाली आहे.

आज रात्री बसून करण्यासारखी कामं

१. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशन उघडा आणि कोणत्या अ‍ॅपला परवानगी आहे ते पाहा. नमाजच्या अ‍ॅपला लोकेशन देऊच नका. त्यात शहर हातानं निवडायची सोय असेल तर तीच वापरा.

२. लोकेशन द्यायचंच असेल तर "फक्त अ‍ॅप वापरताना" हा पर्याय ठेवा आणि अचूक लोकेशन बंद करा. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून ही सोय आहे. अँड्रॉइडवर मग अ‍ॅपला साधारण ३ चौरस किलोमीटरचा परिसरच कळतो. वेळ आणि किबल्याला तेवढं भरपूर झालं.

३. नमाजच्या अ‍ॅपला संपर्कयादी, मायक्रोफोन, एसएमएस यांतलं काहीच लागत नाही. दिलेलं असेल तर काढून घ्या. अजानसाठी नोटिफिकेशनची परवानगी तेवढी राहू द्या.

४. अँड्रॉइडवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाहिरातींचा आयडी डिलीट करा. आयफोनवर ट्रॅकिंगची विनंती करण्याची मुभा बंद करा.

५. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याला फोन करून विचारा, कदाचित त्याचंच खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असेल. व्हॉट्सअ‍ॅपची टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा.

६. फोनचे अपडेट टाळू नका. घुसखोरीच्या बऱ्याच वाटा अपडेटनंच बुजतात.

७. पैसे गेलेच तर लाजेनं गप्प बसू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत थांबवता येण्याची शक्यता जास्त.

ही कामं करायला प्रत्येक फोनला फार तर पंधरा मिनिटं लागतात. घरातल्या ज्या मुलाला किंवा मुलीला फोनमधलं कळतं, त्यांनी एका रात्री इशानंतर सगळ्यांचे फोन घेऊन बसावं. अम्मीचा फोन आधी घ्यावा, कारण तिनं आजवर कुठल्याच अ‍ॅपला "नाही" म्हटलेलं नसतं.

आणि मस्जिदीच्या दारात लावलेलं किंवा रमजानमध्ये घरी आलेलं छापील वेळापत्रक जपून ठेवा. वेळ तेही बरोबरच सांगतं, आणि तुम्ही कुठे राहता हे ते कधी विचारत नाही.