खाडीच्या दोन काठांवरचे चौल

मुंबईहून सकाळी मांडव्याला उतरावे आणि संध्याकाळपर्यंत अलिबागपासून मुरूडपर्यंतचा किनारा पाहून परतावे, असा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारगाडीसह मांडव्यास येण्याची सोय झाली आणि ही गर्दी अधिकच वाढली. अशा एकदिवसीय सहलीत रेवदंड्याच्या वाट्याला तासभर येतो, कोर्लईचा किल्ला व दीपगृह यांना दुसरा तास मिळतो आणि मग गाडी जंजिऱ्याकडे धावू लागते. आपल्या धर्मग्रामांतूनही अशा सहली निघतात. आम्हीही आमच्याकडील कुटुंबांना घेऊन या वाटेने अनेकदा गेलो आहोत. दर वेळी गाईडचे बोलणे ऐकताना एक वाक्य आमच्या कानांना खटकत आले आहे. 'पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले आणि हे शहर संपले,' असे तो तटाकडे बोट दाखवून सांगतो. शहर मोडले हे खरे. परंतु शहरातील सर्वच माणसे गेली नाहीत. जी मागे राहिली त्यांचे वंशज खाडीच्या पलीकडे, जवळजवळ हाकेच्या अंतरावर राहतात, आणि सहलीची गाडी त्यांच्या दारावरून न थांबता पुढे जाते.

आज चौल व रेवदंडा ही नारळी-पोफळीच्या वाड्यांत दडलेली दोन शांत गावे आहेत. येथे एकेकाळी भारतातील मोठ्या बंदरांपैकी एक नांदत होते यावर लहान मुलांचा विश्वास बसत नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. पण पुरावे भक्कम आहेत. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत 'चेमुल' हे नाव येते. टॉलेमी त्यास 'सिमुल्ला' म्हणतो, अरब लेखक 'सैमूर' म्हणतात. अल्-मसुदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आला होता. त्या वेळी शिलाहारांचे राज्य होते आणि गावात सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. लोकपरंपरेत चौलला चंपावती व रेवदंड्याला रेवतीक्षेत्र म्हणतात. येथे ३६० मंदिरे व ३६० तळी होती असेही सांगतात. हा आकडा कोणी मोजून पाहिला असेल असे आम्हांस वाटत नाही, परंतु ज्या गावाविषयी असे आकडे तोंडी फिरतात ते गाव लहान नसते.

या बंदरावर १४६९ च्या सुमारास एक रशियन व्यापारी उतरला. त्याचे नाव अफानासी निकितीन. रेवदंड्यातील शाळेच्या आवारात त्याचे स्मारक उभारलेले आहे आणि गाईड ते आवर्जून दाखवतो. विकण्यासाठी आणलेला एक घोडा त्याच्यापाशी होता. गोरा माणूस पाहून लोक त्याच्या मागे मागे फिरत, म्हणजे त्या दिवसांत प्रेक्षणीय स्थळ तोच होता! येथून तो जुन्नर व बीदरकडे गेला. त्याच्या प्रवासवर्णनातील एक दुःख मात्र गाईड सांगत नाही. वाटेत व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याची पुस्तके पळवली होती. त्यामुळे उपवास केव्हा आणि पुनरुत्थानाचा सण केव्हा, हेच त्याला कळेना. परक्या देशात एकट्या पडलेल्या या ख्रिस्ती माणसाने अंदाजाने उपवास धरले. घरी परतण्यापूर्वीच, स्मोलेन्स्कजवळ, त्याचा अंत झाला. ग्रंथ आणि दिनदर्शिका हरवल्यावर श्रद्धा कशी टिकते हा प्रश्न पुढे याच किनाऱ्यावर अनेक पिढ्यांना पडायचा होता.

पोर्तुगीज येथे प्रथम आले ते १५०५ मध्ये. तीनच वर्षांनी, मार्च १५०८ मध्ये, खाडीच्या मुखाशी इजिप्तच्या आरमाराशी त्यांची लढाई झाली व व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो तीत पडला. त्याचे जहाज मासेमारीसाठी रोवलेल्या खुंटांत अडकले होते. एवढ्या मोठ्या आरमारी सत्तेच्या वारसाला कोळ्यांच्या खुंटांनी रोखून धरावे, हा इतिहासाचा खास विनोद म्हणायचा. १५१६ मध्ये वखारीची परवानगी मिळाली. निजामशहाच्या संमतीने १५२१ मध्ये कोटाचे काम सुरू झाले आणि १५२४ मध्ये ते पुरे झाले. खाडीकाठी वसलेले हे 'खालचे चौल', म्हणजे आजचे रेवदंडा. जुने चौल निजामशाहीत राहिले आणि त्यास 'वरचे चौल' म्हणू लागले.

कोटाच्या आत आज रस्ता, बाजार, घरे व वाड्या आहेत. अलिबागहून मुरूडला जाणारी एस. टी. तटाला खिंडार पाडून केलेल्या रस्त्यानेच जाते. वाड्यांतून चालत गेले की पोफळींच्या मधूनच एखादी कमान किंवा छप्पर नसलेली वेदी समोर येते. फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, येशूसंघीय व ऑगस्टिनियन अशा चारही संघांची मंदिरे व मठ या आवारात होते. फ्रान्सिस्कन मंदिराचा मनोरा 'सातखणी' म्हणून प्रसिद्ध आहे, जरी त्याचे सातही खण आता उरलेले नाहीत. एका लहानशा चॅपेलशी संत फ्रान्सिस झेवियर यांचे नाव जोडलेले आहे. येथे आम्ही मंडळींना थोडे थांबवतो. दगडांवर खिळ्याने नावे कोरू नयेत, वेदीवर चढून छायाचित्रे काढू नयेत, एवढे सांगावेच लागते, आणि खेदाची गोष्ट अशी की ते आपल्याच मुलांना अधिक सांगावे लागते.

१५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने या शहराला वेढा दिला. त्याच वेळी आदिलशहाने गोव्याला वेढले होते. चौलचा वेढा १५७१ च्या उन्हाळ्यापर्यंत चालला. कोटाबाहेरच्या घरांसाठी व मठांसाठी एकेका भिंतीवर झुंज झाली, आणि शेवटी तह होऊन निजामशहाचे सैन्य परतले. पुढे १५९४ मध्ये पलीकडच्या कोर्लईच्या डोंगरावरील किल्लाही पोर्तुगीजांनी जिंकला. खाडीचे तोंड दोन्ही बाजूंनी त्यांच्या हाती आले.

हे सर्व ऐकताना आपल्या लोकांची छाती थोडी फुगते हे आम्ही पाहिले आहे. म्हणून दुसरी बाजूही तेथेच सांगितली पाहिजे. या घरांत गुलाम होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले आणि येथील दुष्काळात विकले गेलेले, दोन्ही प्रकारचे. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा वचक उत्तरेकडील ठाण्यांपर्यंत पोहोचत होता. क्रूस उंचावला गेला तो पुष्कळदा तोफांच्या रांगेत. ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांच्यापैकी किती मनाने आले आणि किती नाइलाजाने, याचा हिशेब आज कोणीच देऊ शकणार नाही. पण त्यांच्या नातवंडांची श्रद्धा त्यामुळे खोटी ठरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुपारी वरच्या चौलचा फेरफटका सहसा घाईत उरकला जातो. रामेश्वराचे मंदिर व त्यापुढील पुष्करणी, डोंगरावरील दत्तस्थान, मुसलमानी अमदानीतील हमामखाना, एवढे पाहता येते. रेवदंड्यात बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' या नावाने ओळखला जाणारा हा समाज याच किनाऱ्याचा. त्यातील बहुतेक कुटुंबे आधी मुंबईला आणि पुढे इस्रायलला गेली. चौलचे रेशीम एके काळी गोव्यापर्यंत जात असे. सतराव्या शतकात ऑंजियर मुंबईचा गव्हर्नर असताना येथील विणकर मुंबईत वसवले गेले. मुंबई उभी राहिली ती अशी थोडी चौलच्या हातांनी. मुंबई पाहायला जाणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

मे १७३९ मध्ये वसई पडली. त्यानंतर चौल टिकणे शक्यच नव्हते. इंग्रजांच्या मध्यस्थीने १७४० मध्ये तह झाला, चौल व कोर्लई मराठ्यांच्या स्वाधीन झाली. अधिकारी व सैनिक गेले, पैसेवाली कुटुंबेही गेली, मठ ओस पडले. जाण्यासाठी गलबत लागते, गलबतात जागा मिळण्यासाठी पैसा किंवा नाते लागते. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते ते राहिले. कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारे ख्रिस्ती लोक हे मुख्यतः अशांचेच वंशज. सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी केलेली लग्ने, खालच्या मानल्या गेलेल्या जातींतून आलेले नवख्रिस्ती आणि मुक्त झालेले गुलाम, यांतून हा समाज घडला असे अभ्यासक मानतात.

आता साळावचा पूल ओलांडला की काही मिनिटांत कोर्लई येते. पुलापूर्वी तरीची वाट पाहावी लागे. गावात कार्मेल मातेचे मंदिर आहे, मासेमारी आहे, शेती आहे. आणि येथल्या ख्रिस्ती घरांत जी भाषा बोलतात तिला ते 'नो लिंग' म्हणतात. अर्थ एवढाच, 'आमची भाषा'. तिचे शब्द बहुतांशी सोळाव्या-सतराव्या शतकांतील पोर्तुगीज आहेत. पण वाक्याची बांधणी पाहावी तर मराठी! पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईकर ते आपल्यासारखे शेवटी ठेवतात. आपणही पाव, बटाटा, चावी, बादली, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडून घेऊन मराठी वाक्यात बसवलेच आहेत. कोर्लईकरांनी हीच देवघेव अगदी टोकाला नेली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेवर १९९६ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिचे बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत. मुंबई-वसईकडेही अशीच एक बोली होती, ती विसाव्या शतकात मालवली.

ही भाषा का टिकली? तिला राजाश्रय नव्हता, तिची शाळा नव्हती, छापलेले पुस्तक नव्हते. शेजारचे हिंदू व मुसलमान यांच्याशी व्यवहार मराठीत होई, पण बेटीव्यवहार नव्हता. जातीची आणि धर्माची भिंत होती. बाहेरच्यांनी घातलेल्या त्या कुंपणाच्या आत हे लोक आपसांत बोलत राहिले. त्यांना पोर्तुगीज प्रार्थना शिकवणारे धर्मगुरू बराच काळ येत राहिले, हाही एक आधार झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा लोकभाषेत आली, म्हणजे येथे मराठीत. ते योग्यच झाले. पण त्याबरोबर एक जुना धागाही तुटला. आता मुले मराठीत व इंग्रजीत शिकतात, नोकरीसाठी मुंबईकडे जातात, आणि घरी परतल्यावर आजीला उत्तर मराठीत देतात. यात कोणाचा अपराध नाही. कुंपण मोडले हे चांगलेच झाले, परंतु आतले झाडही त्याच जमिनीत होते.

म्हणून आमची सूचना अशी की सहलीचा क्रम उलटा करावा. आधी कोर्लई, मग रेवदंडा. सकाळच्या मिस्सेला कार्मेल मातेच्या मंदिरात बसावे, बाहेर आल्यावर लोकांशी साधे बोलावे. 'जरा पोर्तुगीज बोलून दाखवा' असे म्हणू नये. एका सहलीत कोणीतरी असे म्हणताच एका वृद्ध बाईंनी शुद्ध मराठीत विचारले होते, 'तुम्ही कुठल्या गावचे? तुमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात की गाणं म्हणायला लावतात?' सगळे हसले, बाईही हसल्या, आणि पाणी आले. नंतर किल्ला चढावा. वर चॅपेलचे अवशेष आहेत आणि तेथून पलीकडचे संपूर्ण रेवदंडा एका नजरेत येते. माडांच्या वर फक्त सातखणीचा माथा दिसतो. १७४० मध्ये येथल्या लोकांनी गलबते जाताना पाहिली असतील, तीही बहुधा याच बाजूने.

किल्ल्याला सावली कमी आहे. वृद्धांनी व लहान मुलांनी ऊन चढण्यापूर्वीच वर जाऊन यावे, आणि पाणी सोबत घ्यावे.