लवणासुराचे राज्य

दैत्य मारला गेल्यावर त्याच्या राज्याचे काय होते, हा प्रश्न आपली पुराणे सहसा विचारीत नाहीत. वध होतो, पुष्पवृष्टी होते, अध्याय संपतो. आजच्या अद्भुतकथा आणि कल्पित विश्वांत रंगणारे खेळ मात्र या उत्तरार्धातच रमतात. स्वामी नाहीसा झालेला, वास्तू ढासळलेल्या, पाणी विखारी झालेले, असा क्षीण होत चाललेला असुरप्रदेश त्यांना प्रिय असतो. बुलढाणा जिल्ह्यात तो कल्पावा लागत नाही. साखरखेर्ड्याहून मेहकरमार्गे लोणारला गेले की तो समोर दिसतो.

लोणारची स्थलकथा परिचित आहे. लवणासुर भूमीखाली दडून लोकांना छळत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बहिणींकडून ठिकाण काढून घेतले, पायाच्या अंगठ्याने विवरावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी हे त्याचे रक्त, त्यातला क्षार हे त्याचे मांस. रामायणात शत्रुघ्नाने मारलेला लवण मधुवनातला, हा वऱ्हाडचा. आम्हांस या कथेचा शेवट महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दैत्याचा देह नाहीसा होत नाही. त्याचाच भूगोल होतो. लोक त्या देहावर जगतातही. अबुल फझलच्या ‘आइन-इ-अकबरी’त लोणारचा उल्लेख विष्णुगया म्हणून आहे आणि काच व साबण करण्यास लागणारे द्रव्य इथे मिळते, अशीही नोंद आहे.

गावातले देखणे दैत्यसूदन मंदिर विजेत्याचे नाव मिरवते. गावाच्या नावात मात्र लवणच आहे. विवरात काठाकाठाने उभारलेली कितीतरी देवालये आज भग्न आहेत. कमळजादेवीकडे भाविकांची वाट अजून वाहते. असुराच्या राज्यात आधी पडझड झाली ती देवांच्या घरांची.

साखरखेर्ड्याचा इतिहास याच्याशी ताडून पाहावा. 11 ऑक्टोबर 1724 रोजी इथे, तेव्हाच्या शकरखेड्याजवळ, निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. खान रणात पडला. दिल्लीची दख्खनवरील खरी सत्ता त्या दिवशी सरली आणि 1948पर्यंत चाललेल्या आसफजाही राज्याचा पाया पडला. विजेत्याने गावाचे नाव फतेहखेडा ठेवले. पुढे मोगल साम्राज्य खंगत गेले, आसफजाहीही संपली. गाव साखरखेर्डाच राहिले. विजयाचे नाव कागदावर चढते, लोकांच्या जिभेवर रुळेलच असे नाही.

विवराचे विज्ञानही आता ठाऊक आहे. बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून ते झाले, हे 1973 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर असून, आर्गॉन पद्धतीच्या कालमापनाने वय सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे येते. पाण्याचा सामू 10च्या आसपास. अशा पाण्यात मासे जगत नाहीत, पण विशिष्ट सूक्ष्मजीवांचे ते हक्काचे घर आहे. जून 2020मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा लवणासुराचे रक्त वर आले की काय, असे कथा जाणणाऱ्यास वाटावे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण दिले ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचे. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

यापुढे धोका आहे तो गोड्या पाण्याचा. क्षार धरून असलेल्या तळ्यात बाहेरचे गोडे पाणी आणि सांडपाणी साचत गेले, तर त्याचा खारेपणा विरतो आणि त्यावर जगणारी सृष्टी नाहीशी होते. जे विष्णूच्या अंगठ्याने झाले नाही, ते आपल्या गटारांनी होऊ शकते. त्या वधानंतर पुष्पवृष्टी होणार नाही, आणि लोणार या नावाला अर्थही उरणार नाही.