प्रूफ नाही, पण पुरावा

वर्गातल्या मुलीनं दादीचा चांदीचा रुपया आणला. ‘सर, किती चमकतो! प्रूफ असेल का? ग्रेडिंगला पाठवू?’

चारमिनारच्या कमानीत ‘ऐन’ हे उर्दू अक्षर होतं. म्हणजे नाणं मीर उस्मान अली खान यांचं. वडील महबूब अलींच्या नाण्यावर तिथे ‘मीम’ असे. जिवती-राजुऱ्याचा आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. इथल्या बाजारात हाच हाली रुपया चाले.

प्रूफ नाणं चकचकीत ठशांनी खास जतनासाठी पाडतात. हा रुपया मात्र चिंचेनं घासून चमकला होता. ग्रेडिंगवाले ७० पैकी गुण देतात. घासलेल्या नाण्याला सहसा आकडाच मिळत नाही.

मी म्हणालो, ‘बेटा, पाठवू नकोस, पुन्हा घासूही नकोस. हे प्रूफ नसेल, पण आपल्या मुलखाचा पुरावा आहे.’